बारवेची शेवटली पायरी

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं एक वाद निघाला. आमचें मूळ गांव हिंगोली जिल्ह्यांत, कयाधू नदीपासून दोन कोसांवर. गांवाबाहेर एक जुनी दगडी बारव आहे. तिच्या पायऱ्या १९८५ सालीं भिंत घालून बंद केल्या गेल्या व वर कठडा आणि रहाट आला. हल्लीं ठिकठिकाणचीं तरुण मंडळी जुन्या बारवा उपसून स्वच्छ करूं लागली आहेत, व हें काम स्तुत्यच आहे. आमचे थोरले पुतणे पुण्याहून आले ते हीच कल्पना घेऊन. "भिंत पाडूं, पायऱ्या मोकळ्या करूं," असें ते म्हणतांच ओटीवरच्या सर्वांनीं माना डोलाविल्या. इतक्यांत माजघरांतून आक्का काठी टेकीत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "ती भिंत माझ्या पायावर उभी आहे. मला विचारल्यावांचून पाडूं नका."

आक्का म्हणजे आमच्या आत्या. वय पंच्याऐंशी. त्यांचा उजवा घोटा वळत नाहीं, हें आम्ही लहानपणापासून पाहत आलों. त्याचें कारण पुतण्यांना ठाऊक नव्हतें. नारू हा शब्दच ज्यांनीं ऐकला नाहीं, अशी एक पिढी आतां घरोघर संसाराला लागली आहे. ही गोष्ट आनंदाची खरी. परंतु आनंद कशामुळें लाभला याचा विसर पडूं नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

नारू हा सुतळीसारखा पांढरा जंत. त्याची मादी तीन फुटांपर्यंतहि वाढते. तो शरीरांत शिरतो पिण्याच्या पाण्यांतून. पण त्याचा मार्ग सरळ नाहीं. नारूची अळी पाण्यांत एकटी पडली तर थोड्याच दिवसांत मरते. तिला प्रथम सायक्लॉप्स नांवाच्या, डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या जीवानें गिळावें लागतें. त्याच्या पोटांत सुमारें पंधरा दिवस राहून, दोनदां कात टाकल्यावरच ती माणसाला बाधण्याजोगी होते. मध्य आशियांत काम करणारे रशियन शास्त्रज्ञ फेदचेंको यांनीं १८७० च्या सुमारास हें कोडें उलगडलें. पाणी एकोणीस अंशांहून गार असेल तर अळीची ही वाढ थांबते, आणि वाहत्या पाण्यांत सायक्लॉप्सचें बस्तान बसत नाहीं. म्हणजे जंताला तीन गोष्टी हव्यात: पाणी संथ हवें, तें कोमट हवें, आणि त्यांत माणसाचा पाय पडायला हवा.

वाचकहो, मराठवाड्यांतील बारव डोळ्यांपुढें आणा, आणि या तिन्ही गोष्टी तिच्यांत कशा जमून येत त्याचा विचार करा. पावसाळ्यांत पाणी वर चढे, अळ्या विरळ होत. माघ सरला कीं पाणी एकेक पायरी उतरूं लागे. वैशाखांत तळाशीं उरलेल्या कोमट पाण्यांत सायक्लॉप्स दाटी करीत, आणि सारा गांव त्याच पाण्यांत पाय बुडवून घागरी भरी. अळी पोटांत गेल्यावर मादीची पूर्ण वाढ होऊन ती कातडीशीं येण्यास सुमारें एक वर्ष लागतें. या वैशाखांत गिळलेली अळी पुढल्या वैशाखाच्या सुमारास पायांतून डोकें काढी. तेंहि पाणी पुन्हा नेमकें शेवटल्या पायरीशीं आलें असतांना! फोडाची आग असह्य होऊन माणूस पाय गार पाण्यांत ठेवी, आणि पाण्याचा स्पर्श होतांच मादी लाखों अळ्या सोडी. आमच्या ऋतुचक्राशीं या जंतानें आपलें पंचांग असें जुळवून घेतलें होतें.

१९५७ च्या उन्हाळ्यांत आक्का सतरा वर्षांच्या होत्या. लग्न ठरलें होतें. घोट्यावर फोड आला, त्यांतून जंताचें टोंक दिसूं लागलें. रिवाजाप्रमाणें तें काडीला गुंडाळून रोज थोडथोडें ओढीत. कोणाच्या तरी घाईनें तें मध्येंच तुटलें. तुटलेला जंत आंत राहिला, पाय सुजून पू झाला, आणि चार महिन्यांनीं त्या उठल्या तेव्हां सांधा आंखडला होता. लग्न मोडलें तें पुन्हा जमलें नाहीं. आमच्या घरांतील सहा मुलें त्यांच्या मांडीवर वाढलीं. त्यांना स्वतःचें घर मिळालें नाहीं.

येथें आम्हांस आमच्याच घराची एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमच्याकडे सोवळें कडक होतें. पूजेचें पाणी ओलेत्यानें, स्वतः पायरीवर उतरून भरावयाचें. घरांतील कोणाच्या पायाला फोड आला तरी हा नेम मोडत नसे. आणि ज्या पाण्याला आम्ही शुद्ध म्हणून देव्हाऱ्यापर्यंत नेत होतों, त्यांत आम्हींच अळ्या सोडीत होतों. सोवळ्याला शिवाशिव कळे, पाण्यांतले जीव कळत नव्हते.

केंद्र सरकारनें १९८३-८४ सालीं नारूनिर्मूलनाचा कार्यक्रम हातीं घेतला. १९८४ सालीं देशांत सुमारें ४०,००० रुग्ण होते, व महाराष्ट्र हा त्या पीडित राज्यांपैकीं एक होता. नारूवर लस नाहीं. जंत मारणारें औषधहि नाहीं. उपाय काय, तर पाणी दुपदरी फडक्यानें गाळणें, विहिरींत टेमेफॉस नांवाचें औषध घालून सायक्लॉप्स मारणें, रुग्णाला पाण्यांत उतरूं न देणें, आणि पायऱ्यांच्या विहिरींना रहाटाच्या विहिरी करणें. आमचा भाग तेव्हां परभणी जिल्ह्यांत होता. हिंगोली जिल्हा झाला तो १९९९ सालीं. भिंत घालावयाची ठरली तेव्हां आमच्या वडिलांनीं विरोध केला. रहाटाचा दोर सर्वांच्या हातचा, हें त्यांचें दुःख. थोरल्या भावापुढें कधीं न बोलणाऱ्या आक्का त्या दिवशीं बोलल्या: "दादा, दोर बाटला तर स्नान करतां येईल. माझा पाय कोणत्या स्नानानें सरळ होईल?" वडील उठून गेले. दुसऱ्या दिवशीं भिंतीसाठीं दगड आमच्याच वाड्यांतून गेले.

भारतांतील नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ च्या जुलैंत राजस्थानांत आढळला. फेब्रुवारी २००० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें देश नारूमुक्त असल्याचें प्रमाणपत्र दिलें. जगांत १९८६ च्या सुमारास वर्षाला अदमासें ३५ लाख लोकांना नारू होई. २०२४ सालीं केवळ १५ रुग्ण नोंदले गेले. परंतु आफ्रिकेंतील चाड देशांत २०१२ पासून तो कुत्र्यांतहि आढळूं लागला आहे, आणि कच्च्या माशांच्या आंतड्यांवाटे तो त्यांच्या पोटांत जात असावा असा तज्ज्ञांचा तर्क आहे. परिस्थितीनें एक दार लावलें कीं जंत दुसरें शोधतो, हें त्यावरून ध्यानांत घ्यावें.

हें सारें ऐकल्यावर पुतणे खालीं मान घालून म्हणाले, "आक्का, मग भिंत राहूं द्या." आक्का हसल्या. "अरे, नारू देशांतून गेला. आतां भिंत नसली तरी तो येणार कोठून? पायऱ्या उघडा, मलाहि एकदां पाहूं द्या. पण शेवटल्या पायरीला जाळी बसवा. पाण्यांत पाय कोणाचाहि नको. आपल्या घरचा तर नकोच."

येत्या उन्हाळ्यांत काम सुरू व्हावयाचें आहे. जाळीचा खर्च आमच्या घरानें द्यावा, असें आम्हीं ठरविलें आहे.