तिकिटाविना फलाटावर

२०२४ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत परभणीस जाण्याकरिता आम्ही नांदेड स्थानकावर गेलो. खिडकीपाशी मोठी रांग. म्हणून फलाटावर जाऊन मोबाईलवरच साधे तिकीट काढू लागलो. यंत्र ऐकेना! इतक्यात आमचा एक विद्यार्थी नमस्कार करून म्हणाला, "सर, स्थानकाच्या हद्दीत असे तिकीट निघत नाही. बाहेर जावे लागते, नाहीतर येथे लावलेला क्यूआर कोड टिपावा लागतो."

तपासनीस दिसल्यावर तिकीट काढणारांस आळा बसावा, म्हणून हा निर्बंध. नियम रास्त खरा. परंतु वर्गात प्रामाणिकपणा शिकविणारे आम्ही, शिष्यासमोर विनातिकीट उभे! कोड शोधीपर्यंत गाडी सुटली. मागे पाहतो तो, खिशात तिकीट असूनही विद्यार्थी आमच्याकरिता फलाटावरच थांबलेला.