राखणदाराला कधी झोपवायचं?

घरातलं वायफाय अडकलं की तुम्ही काय करता? बटण बंद करून परत चालू करता. पण टाकीच्या पंपाचा कंट्रोलर रात्री दोन वाजता अडकला तर बटण कोण दाबणार? त्यासाठी बोर्डावर एक राखणदार असतो. त्याचं नाव वॉचडॉग टायमर.

मी पुण्यात मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. पाणी-पातळीच्या प्रकल्पात आम्ही मॅक्स ८२३ ही पाच पायांची चिप वापरली. तिच्या डब्ल्यूडीआय या पायावर प्रोसेसरने सतत सिग्नल बदलत राहायचं, म्हणजे ‘मी जागा आहे’ असं सांगायचं. सुमारे १.६ सेकंद काहीच बदल झाला नाही, तर चिप प्रोसेसरला रीसेट करते.

अडचण येते ती प्रोग्राम तपासताना. तेव्हा आपणच प्रोसेसर मधे थांबवतो. राखणदाराला ते कसं कळणार? तो रीसेट देतच राहतो. मुलं म्हणतात, “सर, तो पाय ग्राउंडला जोडू, म्हणजे बंद होईल!” होत नाही. न बदलणारा सिग्नल म्हणजे त्याच्या लेखी झोपलेला प्रोसेसर. या चिपमध्ये तो पाय मोकळा सोडायचा असतो. मग चिप आतूनच त्याची पातळी खाली-वर करते आणि वेळमोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. प्रत्येक चिपचा नियम वेगळा, म्हणून आधी माहितीपत्रक वाचायचं. आम्ही त्या वाटेत तापकीर गल्लीतून आणलेला साधा जंपर बसवला. तपासताना काढायचा, काम झालं की लावायचा.

सादरीकरणाच्या घाईत एका मुलीने विचारलं, “राहू दे ना काढलेलाच, आता कुठे अडकतंय?” मी उलट विचारलं, पंप चालू असताना अडकलं तर? आमच्या प्रोग्राममध्ये रीसेट झाला की आधी पंप बंद होतो, मग पातळी तपासली जाते. राखणदार नसेल, तर पाणीकपातीच्या दिवसांत खडकवासल्याचं पाणी गच्चीवरून वाहत राहील. तिने स्वतःच जंपर लावला.

१९९७ साली मंगळावरचं पाथफाइंडर यान असंच अडकायचं. राखणदार रीसेट करत राहिला, म्हणून यान हाताशी राहिलं. पृथ्वीवरच्या इंजिनिअरांनी दोष शोधला आणि प्रोग्राम दुरुस्त करून पाठवला. वारंवार रीसेट होणं ही तक्रार असते. ती ऐकायची, तिचं तोंड बांधायचं नाही.

तुमच्या वर्गातही प्रकल्पाच्या तपासणी-यादीत शेवटची ओळ ही ठेवा: जंपर जागेवर आहे का?