नाव नसलेली स्तुती

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. पैनगंगेच्या अलीकडे, आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातील एका खेड्यात नाताळची मध्यरात्रीची मिस्सा आटोपून आम्ही बाहेर पडलो, तोच शेजारचे काका म्हणाले, "शाब्बास! सगळ्यांत तुझाच आवाज खणखणीत ऐकू येत होता." मी हरखून गेलो. गायनवृंदाचे मास्तर जवळच उभे होते. काका गेल्यावर ते हळूच म्हणाले, "बाळ, तो मलाही ऐकू आला, आणि त्याचेच वाईट वाटले."

मला तो मत्सर वाटला. पुढे कित्येक महिने मी सरावास गेलो नाही. मास्तरांच्या बोलण्याचा अर्थ उमगला तो मुंबईस गेल्यावर.

तेथे एका नातलगाबरोबर पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या मैफलीस जाण्याचा योग आला. वाद्यवृंदाच्या मागे गायक-गायिकांच्या रांगा उभ्या होत्या. आपल्या भजनात सारे एकच चाल म्हणतात. येथे चार प्रकारचे आवाज एकाच वेळी चार निराळ्या चाली गात होते, तरी गोंधळ म्हणून नव्हता. एक सूर तर इतका लांबला की, कोणाही मनुष्याचा श्वास तितका पुरू नये. नातलगाने मागाहून उलगडा केला: असे गायक सारे एकदम श्वास घेत नाहीत, एक थांबतो, तेव्हा शेजारचा सूर धरून ठेवतो.

जाणकार टीकाकार अशा वृंदाला वाखाणतात ते ह्याच गोष्टींसाठी. शब्दाचे शेवटचे अक्षर सर्वांच्या मुखी एकाच क्षणी मिटले काय, अगदी हळू गातानाही सुरात बळ राहिले काय, हे ते पाहतात. वृंदातील एखाद्याचाच आवाज वर उठला, तर तो दोष होय.

ज्या १९५६ साली आमचा जिल्हा हैदराबाद राज्यातून आंध्र प्रदेशात गेला, त्याच साली व्हिक्टर परंज्योती ह्यांनी मुंबईत आपला गायनवृंद स्थापन केला. १९६७ मध्ये ते निवर्तल्यावर कूमी वाडिया ह्यांनी तो पुढे चालविला. परदेशांतही त्याची वाहवा झाली. ही दोन नावे लोकांना ठाऊक झाली. रांगेत उभे राहून गाणाऱ्यांची नावे कोणास ठाऊक आहेत?

बेथोवेनची नववी सिंफनी ७ मे १८२४ रोजी व्हिएन्ना शहरी प्रथम सादर झाली. तिच्या चार खंडांपैकी पहिल्या तिहींत गायकवृंदाला एक शब्दही नाही. सुमारे पाऊण तास सरल्यावर त्याची पाळी येते. बेथोवेन तेव्हा बहिरा झाला होता. टाळ्यांचा कडकडाट त्याला ऐकू येईना, म्हणून एका गायिकेने त्याला श्रोत्यांकडे वळविले, असे सांगतात.

पुढल्या नाताळात मी पुन्हा वृंदात उभा राहिलो, आणि प्रथमच शेजाऱ्याचा श्वास ऐकत गायलो. मिस्सेनंतर काका एवढेच म्हणाले, "यंदा गाणे चांगले झाले." मी मास्तरांकडे पाहिले. पेटीचा भाता लावता लावता त्यांनी नुसती मान हलविली.