एक केबल, तीन दारं

कंपनीने घरी पाठवलेल्या डॉकिंग स्टेशनला मागे मॉनिटरसाठी तीन जागा आहेत. दोन डिस्प्लेपोर्टच्या, एक एचडीएमआयची. लॅपटॉपकडून मात्र त्यात एकच यूएसबी-सी केबल येते. कीबोर्ड, माउस, इंटरनेटची वायर, चार्जिंग, मॉनिटर, सगळं त्या एका केबलमधून. मंचरजवळच्या आमच्या वस्तीवर बसून मी रात्रपाळीत सर्व्हर सांभाळतो. त्यासाठी दोन मॉनिटर लागतातच. एकावर अलर्ट, दुसऱ्यावर काम. तिसरा मला गोठ्यासाठी हवा होता.

गोठ्यासाठी म्हणजे तिथल्या कॅमेऱ्यासाठी. जुन्नर-आंबेगावात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इथला बिबट्या उसात जन्मतो, उसातच वाढतो. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, पण सगळे बिबटे काही तिथे नाहीत. शेतीची थ्री फेज वीज पाळीपाळीने येते. रात्रीची पाळी असली की कुणाला तरी हातात बॅटरी घेऊन दारं धरायला जावंच लागतं. आमच्यात दादा जातात. वडलांना आम्ही दादा म्हणतो. ‘दिवसा वीज द्या’ ही इथली मागणी म्हणूनच पिकाइतकीच जिवासाठीही आहे.

पुण्यात खोली घेऊन न राहण्याचं माझं कारण एवढंच. काम करता करता मान वळवली की गोठा आणि विहिरीकडची वाट दिसली पाहिजे. मोबाईलवर कॅमेऱ्याचं अ‍ॅप आहे, पण मोबाईलचा स्क्रीन विझतो, फोन आला की अ‍ॅप मागे जातं. मला कायम उघडी राहणारी खिडकी हवी होती.

डॉकला दोन मॉनिटर जोडले, लगेच लागले. तिसरा जोडला, तर काळाच राहिला. केबल बदलली, जागा बदलली, तरी तेच. कोणतेही दोन चालायचे, तिन्ही एकदम नाही.

यात बिघाड काहीच नव्हता, गणित होतं. फुल एचडी चित्र म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २० लाख ७४ हजार ठिपके. प्रत्येक ठिपक्याला रंगासाठी २४ बिट, आणि सेकंदाला ६० वेळा नवं चित्र. म्हणजे एका मॉनिटरला सेकंदाला सुमारे ३ गिगाबिट. यूएसबी-सी केबलमध्ये वेगवान मार्गिका चार असतात. माझ्या डॉकसारखे बरेच डॉक त्यातल्या दोन यूएसबीच्या वेगवान कामाला ठेवतात आणि दोनच चित्राला देतात. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या हिशोबाने त्या दोन मार्गिकांतून ८.६४ गिगाबिट जातात. दोन मॉनिटरचे ६ त्यात आरामात बसतात. तिघांचे ९ बसत नाहीत. याच कारणाने अशा डॉकवर एकटा फोर-के मॉनिटरसुद्धा सेकंदाला ६० ऐवजी ३० चित्रांवर येतो.

दादा दारात उभे राहून बघत होते. “जागा तीन हायेत ना? मग?”

मी सांगितलं, जागा तीन आहेत, पण येणारी वायर एकच आहे.

“म्हंजे चारी बारकी अन् दारं जास्त.”

यापेक्षा नेमकं मला कुठे वाचायला मिळालं नव्हतं. दादांचा जन्म डिंभ्याच्या पाण्याची वाट बघण्यात गेलाय. कुकडी प्रकल्पात पाच धरणं आहेत: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. डिंभ्याचा डावा कालवा घोडचं पाणी पार येडगावला नेतो, आणि तिथून ते नगर-सोलापूरच्या बाजूला जातं. आवर्तन सुटलं की कालव्यावर दारं कितीही असोत, वाहतं तेवढंच पाणी वाटलं जातं. शेवटच्या टोकाला बसलेला माणूस कोरडा राहतो. माझा तिसरा मॉनिटर टोकाला होता.

इलाज असतात. थंडरबोल्टचा डॉक घेतला तर चारीच मोठी होते, पण लॅपटॉपलाही थंडरबोल्ट हवं. डिस्प्लेलिंकवाला डॉक चित्र आवळून साध्या यूएसबीतून पाठवतो. तो आमच्या भाषेत टँकर: पाणी पोचतं, पण खर्च प्रोसेसरला पडतो, आणि ड्रायव्हर टाकावा लागतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर तो टाकायची मुभा मला नाही. मॅकवाल्यांनी तर आधी मॉडेल बघावं. साध्या एम१ आणि एम२ चिपच्या मॅकबुकला मुळात एकच बाहेरचा मॉनिटर चालतो, आणि एका केबलवर मॉनिटरांची साखळी करणारे डॉक मॅकवर दोन्हीकडे तेच चित्र दाखवतात.

दादा म्हणाले, “कॅमेऱ्याचा डबा हाय ना तुझा? त्याचीच वायर लाव की त्या टीव्हीला. कॅनॉलच्या नादी कशाला लागतो, हीर हाय तर?”

कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरला स्वतःचं एचडीएमआय असतंच. तिसरा मॉनिटर थेट त्याला जोडला. आता गोठ्याचं चित्र लॅपटॉपमधून जातच नाही. लॅपटॉप बंद असो, अपडेट होत असो, ते चालू राहतं. कंपनीच्या यंत्रावर घराचं अंगणही जात नाही. पलीकडे खोडदला जीएमआरटीच्या ३० अँटेना आहेत, ४५-४५ मीटर व्यासाच्या. प्रत्येकीचा सिग्नल ऑप्टिकल फायबरने मधल्या इमारतीत येतो आणि मग एकत्र होतो. जे चुकवून चालणार नाही, त्याला स्वतःची वाट द्यावी.

वीज गेली की डॉक बंद पडतो आणि दोन मॉनिटरवरच्या सगळ्या खिडक्या लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनवर येऊन कोंबल्या जातात. इन्व्हर्टरवर किती भार टाकायचा हा प्रश्न होता. मी राउटर, रेकॉर्डर आणि तिसरा मॉनिटर त्यावर घेतले. कामाचे दोन मॉनिटर नाही घेतले. लॅपटॉपला बॅटरी आहे, कामाचं तेवढ्यात भागतं.

ऑफिसातून अधूनमधून विचारणा होते, पुण्याला कधी येताय, इथे प्रत्येक टेबलावर दोन मॉनिटर आहेत. खरंच आहेत, आणि चांगले आहेत. दिवसाची वीज येईपर्यंत मला तीन लागतात.