लांड्या पंखांचे बेअरकॅट

१/ वॉशिंग्टनजवळ शँटिली येथे स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात एक ग्रमन एफ८एफ बेअरकॅट आहे. महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकी नौदलासाठी रचलेल्या जातीचे हे लढाऊ विमान. परंतु नौदलाचा गडद निळा रंग त्यावर नाही, पंखांची टोके छाटलेली आहेत आणि वैमानिकावरचे काचेचे छत्र पार खुजे केलेले आहे. त्याची छायाचित्रे पाहताना माझ्यातला इतिहासाचा विद्यार्थी अस्वस्थ होतो. आम्हाला मूळ कागदावर पेन्सिलही टेकवू देत नाहीत. इथे तर मूळ साधनालाच करवत लावलेली!

२/ थोडी पार्श्वभूमी. १९४५ नंतर जेट विमाने आली आणि पिस्टन इंजिनांची लढाऊ विमाने भंगाराच्या भावाने विकली गेली. पॉल मँट्झने तर १९४६ मध्ये सुमारे ४७५ विमाने ५५,००० डॉलरना उचलली आणि मस्टँग विमानांवर बेंडिक्स करंडक लागोपाठ तीन वर्षे जिंकला. १९४९ मध्ये क्लीव्हलँडच्या शर्यतीत बिल ओडमचे मस्टँग एका घरावर कोसळले. आत आई आणि मूल होते. मोठ्या विमानांच्या शर्यती थांबल्या. त्यांना पुन्हा घर मिळाले ते १९६४ मध्ये, नेव्हाडातील रेनो येथे.

३/ शँटिलीचे ते बेअरकॅट म्हणजे डॅरिल ग्रीनमायरचे ‘काँक्वेस्ट १’. १६ ऑगस्ट १९६९ रोजी त्याने ताशी ७७६.४४९ किलोमीटरचा वेग गाठला आणि जर्मनीच्या फ्रिट्झ वेंडेलने एप्रिल १९३९ मध्ये केलेला पिस्टन विमानांचा विक्रम तीस वर्षांनी मोडला. म्हणजे हे विमान संग्रहालयात आले ते छाटलेल्या पंखांच्याच बळावर.

४/ लाइल शेल्टनचे ‘रेअर बेअर’ याहून बोलके. इंडियानात पडून राहिलेला एका बेअरकॅटचा अपघातग्रस्त सांगाडा त्याने उचलला आणि बी-२९ बॉम्बफेकी विमानांच्या जातीचे राइट आर-३३५० इंजिन त्यात बसवले. १९८९ मध्ये वेग नोंदला गेला ताशी ८५०.२४ किलोमीटर. शर्यत नसती तर त्या सांगाड्याकडे कोणी पाहिले असते?

५/ म्हणून ‘मूळ रूपात परत आणा’ हा आग्रह मला पटत नाही. १९४५ चा थर जितका खरा, तितकाच १९६९ चाही. संग्रहालयाने शर्यतीचेच रूप राखले, हे उचित झाले.

६/ मात्र माझ्या या मताला एक विमान आडवे येते. ‘गॅलपिंग घोस्ट’ हे मस्टँग युद्धोत्तर क्लीव्हलँडच्या शर्यतींत धावलेले. पुढे त्याचे पंख आखूड झाले, पोटाखालचा रेडिएटर गेला. १६ सप्टेंबर २०११ रोजी रेनोला ते प्रेक्षकांजवळ आदळले. वैमानिक जिमी लीवर्ड आणि दहा प्रेक्षक मरण पावले, साठाहून अधिक जखमी झाले. शेपटीच्या ट्रिम टॅबचे स्क्रू सैल झाले होते, कारण त्यांना धरून ठेवणारे लॉकनट जुने, झिजलेले होते. चौकशी मंडळाने आणखी एक गोष्ट नोंदवली, आणि मी तिथेच थबकतो: विमानात केलेल्या मोठ्या फेरफारांची ना धड नोंद होती, ना चाचणी.

७/ पंख कापणाऱ्याला मी क्षमा करू शकतो. कधी, किती, कशासाठी कापले हे न लिहिणाऱ्याला नाही. त्या कोऱ्या पानांची किंमत त्या दिवशी प्रेक्षकांत बसलेल्यांनी मोजली.