ओळ जळगावची, ओळ धुळ्याची

जळगाव आणि धुळे यांत फरक काय, असं परक्या माणसाने विचारलं तर चटकन सांगता येत नाही; आणि आपल्या माणसाने विचारलं तर थांबता येत नाही. जळगावकर भरिताच्या वांग्यावर तासभर बोलेल, आणि धुळेकर त्याला अहिराणीत दोन शब्दांत गप्प करील. बँकेला मात्र दोघे सारखेच. दोघांचं पासबुक एक, आणि त्यात ओळी इंचाला सहा. फरक निघाला तो प्रिंटरमध्ये.

जळगावच्या शाखेत प्रिंटर होता नऊ पिनांचा. धुळ्याला नवा आला, तो चोवीस पिनांचा. पिना जास्त म्हणजे अक्षर सुबक, या आनंदात शाखेने त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. पहिल्याच आठवड्यात एक शेतकरी पासबुक घेऊन काउंटरवर आला. कापसाचे पैसे जमा झाल्याची नोंद पानावर नव्हतीच. ती पान ओलांडून प्रिंटरच्या रबरी रुळावर छापली गेली होती. तो म्हणाला, "भाऊ, मना पैसा कथा गयात?" खातेवहीत पैसे आहेत, असं त्याला तीनदा सांगितलं. पण खातेवही त्याने कधी पाहिली नव्हती. त्याच्या लेखी बँक म्हणजे हातातलं पासबुक. त्यात नाही ते जगात नाही.

झालं होतं असं. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरशी बोलायची एक भाषा एप्सन कंपनीने रूढ केली, ईएससी-पी नावाची. 'कागद एवढा वर सरकव' अशी एक आज्ञा तिच्यात आहे, आणि आज्ञेमागोमाग एक आकडा द्यायचा. नऊ पिनांचा प्रिंटर तो आकडा इंचाच्या २१६ व्या भागात मोजतो, चोवीस पिनांचा १८० व्या भागात. आमच्या प्रोग्रॅममध्ये आकडा होता ३६. जळगावला त्याचा अर्थ इंचाचा सहावा भाग, धुळ्याला पाचवा. विसाव्या ओळीपर्यंत जाता जाता धुळ्याची छपाई बरोबर चार ओळी खाली घसरायची. ३६ रुपये आणि ३६ डॉलर यांची बेरीज करू नये, हे बी. कॉम.च्या पोराला कळतं. प्रोग्रॅमला ते कुणी सांगितलं नव्हतं.

दुरुस्तीला एक तरुण आला. घाईत होता. "एक अट टाकतो फक्त," म्हणाला. अट अशी : शाखा धुळे असेल तर ३०, नाहीतर ३६. पासबुक छापतात तिथे टाकली, दुय्यम पासबुकाच्या जागी टाकली, खातेउताऱ्यात टाकली. मुदतठेवीच्या पावतीत टाकायची राहिली. ते पुढे एका पेन्शनर गृहस्थांनी शोधून काढलं. पेन्शनर हा कुठल्याही बँकेचा बिनपगारी तपासनीस असतो.

तरीही दिवस बरे चालले होते. मग धुळ्याचा प्रिंटर बिघडला, आणि जळगावचा एक जादा प्रिंटर एसटीच्या टपावरून एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचला. गाव धुळे, प्रिंटर जळगावचा. प्रोग्रॅमने गाव पाहिलं आणि दिले ३०. ओळी आता आषाढीच्या गर्दीसारख्या एकमेकींना खेटून उभ्या. मग सगळ्यांच्या लक्षात आलं, की फरक गावात नव्हताच, पिनांत होता. अट लावली होती माणसाच्या आडनावाला, आणि दुखणं होतं त्याच्या गुडघ्यात.

दुसऱ्या खेपेला एक मुलगी आली. तिने आधी सगळ्या अटी काढून टाकल्या. मुख्य प्रोग्रॅमने आता एवढंच म्हणायचं : 'एक ओळ खाली.' एक ओळ म्हणजे किती, हे खाली बसलेल्या छोट्या प्रोग्रॅमने बघायचं. त्याच्यापाशी एक तक्ता : नऊ पिना, ३६, चोवीस पिना, ३०. उद्या तिसऱ्या जातीचा प्रिंटर आला, तर तक्त्यात एक रांग वाढवायची. वरच्या कुणाला उठवायचं नाही. या छोट्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात, असं तिने सांगितलं, आणि मला एकदम सगळं समजलं. एसटीत बसून आपण "एक पारोळा" म्हणतो. गाडीचा क्लच कडक की सैल, दुसरा गिअर पडतो की त्याला लाथ मारावी लागते, हे ड्रायव्हर जाणे. प्रत्येक प्रवाशाला हे ठाऊक असावं लागलं असतं, तर पारोळा अजून लांबच राहिलं असतं.

हा घोळ खानदेशापुरता नाही, हे कळल्यावर मला बरं वाटलं. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०११ च्या मार्चमध्ये एआरएम चिपवाल्या मंडळींना चारचौघांत झापलं होतं. मोबाइलसारख्या यंत्रांत या चिपा असतात. प्रत्येक नव्या बोर्डासाठी जवळजवळ तोच कोड पुन्हा लिहून भर घालायची, असा तिथला रिवाज पडला होता. त्यावर उपाय म्हणून 'डिव्हाइस ट्री' ही जुनीच कल्पना तिथे नेटाने राबवली गेली : बोर्डावर काय कुठे जोडलंय त्याचं वर्णन वेगळ्या फाइलीत, आणि ड्रायव्हरने ते वाचून वागायचं. २०१२ च्या डिसेंबरात आलेल्या ३.७ आवृत्तीपासून एकच कर्नल निरनिराळ्या कंपन्यांच्या एआरएम यंत्रांवर चालू लागलं. म्हणजे आमच्या मुलीचा तक्ताच, फक्त मोठ्या घरचा.

फरक मिटवता येत नाहीत. धुळ्याचं जळगाव करायला जाऊ नये. दोन्हीकडून मार बसेल. फरकाला एक खण द्यावा, वर चिठ्ठी लावावी, आणि चिठ्ठीवर गावाचं नाव न लिहिता पिनांची संख्या लिहावी. आता पासबुक मशीनमध्ये सरकवलं की आपोआप छापून बाहेर येतं. आत पिना किती, हे खातेदाराला माहीत नसतं. त्याची कापसाची नोंद रकान्यात पडते, आणि तो बोट टेकवून ती वाचतो. त्याला एवढंच हवं असतं. "एक अट टाकतो फक्त," असं कुणी म्हटलं की मी मात्र अजून त्याच्याकडे संशयाने बघतो, आणि मुदतठेवीच्या पावतीत ती टाकली का, म्हणून विचारतो.