विहिरीचे पाणी आणि घरातील वृद्ध

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील वाड्यांमध्ये विहिरीला बावखलाची सोबत असे. बावखल पावसाचे पाणी साठवी, जमिनीत जिरवी आणि उन्हाळ्यातही विहिरीचा झरा जिवंत ठेवी. आता नळ आले. तरीही घरातील वृद्धांना गोडी वाटते ती विहिरीच्याच पाण्याची. त्या गोडीशी वाद घालणे मलाही जड जाते.

परंतु वाचकहो, विहिरीच्या आसपास आज काय आहे, ते एकदा पाहाच. अनेक बावखले बुजली. जिथे केळी होती तिथे घर उभे राहिले आणि घरामागे शौचालयाची टाकी आली. पावसाळ्यात भूजल वर चढले की टाकीतून झिरपणारी घाण विहिरीपर्यंत सहज पोहोचते. पाणी मात्र नितळच दिसते!

वृद्धांना जुलाब लागले, तर अंगातील पाणी झपाट्याने घटते. तहानेची जाणीव मंदावल्याने ते पाणी मागतही नाहीत. म्हणून पिण्याचे पाणी खळखळून उकळावे, झाकून निववावे आणि ओगराळ्यानेच काढावे. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायची, तर १००० लिटरला सुमारे २.५ ग्रॅम हे नेहमीचे प्रमाण. ती टाकल्यावर किमान अर्धा तास पाणी पिऊ नये. ग्रामपंचायतीच्या किंवा आरोग्य केंद्राच्या कर्मचाऱ्याकडून हे करून घेणे उत्तम.

समुद्राजवळच्या विहिरींचा खारेपणा ही निराळी बाब. रक्तदाबाच्या रुग्णासाठी असे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. उकळल्याने क्षार जात नाहीत. उलट पाणी आटून किंचित वाढतात.